करीच्या दिवशीचा सामना : अकोल्याची ओल की अमरावतीचा ताण?

पोळा जवळ आला की वऱ्हाडातल्या घरोघरी एक वेगळीच लगबग सुरू होते. बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे असतात, शिंगे रंगवायची असतात, वर्षभर पेटीत पडलेल्या झुली उन्हात टाकायच्या असतात. गोठ्यात बैलांच्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला, अशा घरांतूनही मातीची बैलजोडी पुजली जातेच. पोळ्याचा दुसरा दिवस कर. त्या दिवशी जू नाही, वखर नाही, डवरा नाही. पूर्वी या मोकळ्या दिवशी कुस्तीची दंगल होई, हुतूतूचे डाव रंगत. काही गावांत ते आजही होते. पण बहुतेक ओट्यांवर आता दिसते ते असे : चार-पाच पोरे डोक्याला डोके लावून एका फोनमध्ये पाहत बसलेली असतात आणि मधूनच सगळी मिळून "गोल!" म्हणून ओरडतात. म्हातारी दचकते, बाप कपाळाला आठ्या घालतो, आणि कोणीतरी म्हणते, "काय पाहून राहिले रे हे पोट्टे?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, ते काय पाहतात हेच आज सांगायचे आहे. पिकांविषयी आपण एरवी बोलतोच. पण घरातला कर्ता होऊ घातलेला मुलगा रोज तास-दोन तास ज्यात घालवतो, ती गोष्ट घरातल्या मोठ्यांना कळू नये, हे काही बरे नाही. कळली तर त्यातले चांगले काय आणि घात करणारे काय, हेही निवडता येईल. आणि त्यात घात करणारेही आहे. त्याकडे मी येणारच आहे.

निमित्त असे की यंदाच्या करीला आमच्या नात्यातल्या दोन पोरांमध्ये फोनवरच्या फुटबॉलचा सामना ठरला आहे. एक माझ्या बहिणीचा मुलगा. त्याचे गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. दुसरा माझ्या धाकट्या भावाचा. तो वरूडकडे, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या मुलखात वाढला. दोघेही कॉलेजात जाणारे आणि सुटीत शेतात राबणारे. सामना जेमतेम दहा मिनिटांचा. पण दोघांची खेळण्याची तऱ्हा इतकी उलट आहे की गेल्या पंधरा दिवसांपासून सगळ्या नातेवाइकांत दोन तट पडले आहेत.

हा खेळ आहे तरी काय?

कोनामी नावाच्या जपानी कंपनीने हा खेळ बनवला. पूर्वी त्याचे नाव 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' होते, २०२१ साली ते 'ई-फुटबॉल' झाले. फोनवर तो फुकट उतरवून घेता येतो, म्हणूनच तो खेड्यापाड्यांत पोचला. याचाच दुसरा मोठा भाऊ म्हणजे ईए या अमेरिकी कंपनीचा खेळ. तो वर्षानुवर्षे 'फिफा' या नावाने विकला जाई, २०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येतो.

पडद्यावर हिरवे मैदान दिसते आणि दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. डाव्या अंगठ्याने खेळाडू पळवायचा, उजव्या अंगठ्याने चेंडू द्यायचा, मारायचा किंवा समोरच्याकडून हिसकवायचा. आता गंमत पाहा. एका वेळी तुमच्या हातात एकच खेळाडू असतो. बाकीचे दहा यंत्र चालवते. ते कसे चालवते? सामन्यापूर्वी तुम्ही जशी मांडणी करून दिली असेल, तसे. तिफणीचे दाते किती अंतरावर बसवायचे हे शेतात उतरण्याआधी ठरते. एकदा बसवले की हाकणाऱ्याच्या हाती तास सरळ ठेवणे एवढेच उरते. इथेही तसेच. कोण पुढे, कोण मागे, चेंडू गेला तर लगेच झोंबायचे की मागे येऊन दबा धरायचा, हे आधी ठरवावे लागते. खेळाने अशा पाच तऱ्हा देऊन ठेवल्या आहेत. चेंडू आपल्यापाशीच राखायचा, ही एक. चेंडू मिळताच झडप घालायची, ही दुसरी. मागे दबून राहायचे आणि संधी मिळताच लांब चेंडू टाकून उलटा हल्ला करायचा, ही तिसरी. उरलेल्या दोहोंपैकी एकीत मैदानाच्या कडेकडेने जायचे असते, दुसरीत उठसूट लांब चेंडू फेकायचे असतात. आपल्या दोन पोरांनी यातली पहिली आणि तिसरी निवडली आहे.

पडद्यावरचा खेळाडू दमतोही. पहिल्याच मिनिटापासून त्याला उधळला तर शेवटी त्याचे पाय उचलत नाहीत. मग बाहेर बसवलेला ताज्या दमाचा खेळाडू आत घ्यावा लागतो. म्हणजे बैलाला किती हाकावे याचा जो हिशेब आपण करतो, तो इथेही चुकत नाही.

याला कोणी पोरखेळ म्हणेल. पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा संगणकावरचे खेळ पहिल्यांदाच पदकांसाठी खेळवले गेले आणि त्यात फुटबॉलही होता. भारताकडून चरणज्योत सिंग आणि करमन सिंग टिक्का हे दोघे फुटबॉलमध्ये उतरले. पदक मिळाले नाही, पण देशाच्या नावाने खेळले. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, भारत सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला होता. नवा खेळ लोकांच्या डोळ्यांत बसायला वेळ लागतो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपली कबड्डी परदेशी लोकांपुढे करून दाखवली. ती पाहणाऱ्यांपैकी कितीकांना "श्वास कोंडून पळणारे हे लोक कोण?" असा प्रश्न पडला असेल! आज तीच कबड्डी आशियाई स्पर्धांत खेळली जाते. फोनवरचा फुटबॉल कबड्डीच्या तोडीचा आहे असे मी म्हणत नाही. घाम निघत नाही तो खेळ मला अर्धाच वाटतो. पण त्यात डोके चालवावे लागते, हे मान्य करायलाच हवे.

ओल धरणारा आणि ताण देणारा

आता दोघांच्या तऱ्हा पाहू.

अकोल्याकडचा पोरगा चेंडू सोडत नाही. याने त्याला दिला, त्याने परत याला, पुन्हा मागे, पुन्हा आडवा. पाहणाऱ्याला कंटाळा येतो. पण तो जे करतो ते खारपाणपट्ट्यातल्या माणसाला समजायला हवे. तिथे जमिनीखालचे पाणी खारे, विहिरीचा भरवसा नाही. पावसाची ओल काळ्या मातीत धरून ठेवायची आणि त्या ओलीवरच रब्बीचा हरभरा काढायचा. ओल उडाली की पीक गेले. हा पोरगा चेंडूला तसाच जपतो. चेंडू आपल्यापाशी असेपर्यंत समोरचा गोल करू शकत नाही, हे त्याचे साधे गणित. समोरच्याला इकडून तिकडे पळवून दमवायचे, त्याच्या रांगेत कुठे भेग पडते ते पाहायचे, आणि भेग पडली की तिथून शिरायचे.

अमरावतीकडच्याचे सगळे उलटे. तो चेंडू मागतच नाही. पाच जण मागे बांधाच्या दगडांसारखे उभे करतो, त्यांच्यापुढे आणखी तीन-चार, आणि पुढे एकच वाऱ्यासारखा पळणारा गडी मोकळा सोडतो. समोरच्याला येऊ देतो. अगदी आपल्या दारापर्यंत येऊ देतो. मग एक चेंडू सापडला की तो लांब, थेट पुढच्या गड्याकडे. दोन-तीन लाथांत गोल. संत्र्याच्या बागेत ताण देतात, तसे हे आहे. बहार धरायचा म्हणून बागेचे पाणी तोडायचे, झाडे मलूल होईपर्यंत थांबायचे. नवख्याला वाटते बाग गेली. मग पाणी सोडले की सगळे झाड एकदम फुलावर येते. ताण देणाऱ्याची छाती मोठी लागते. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड जाते.

त्याला मी विचारले, "अरे, सारा वेळ चेंडू त्याच्यापाशी. तुला भीती नाही वाटत?"

तो म्हणाला, "मोठेबाबा, चेंडू त्याच्यापाशी असला म्हणजे त्याचे गडी माह्या घरात असते. मंग त्याच्या घरात कोन हाय?"

हे उत्तर मला आवडले.

गेल्या दिवाळीत आमच्या जुन्या घरी या दोघांचे तीन सामने झाले. दोन अमरावतीने जिंकले, एक अकोल्याने. तिन्ही सामन्यांत चेंडू बहुतेक वेळ अकोल्यापाशीच होता. आमची आई खाटेवर बसून पाहत होती. तिने शेवटी न राहवून विचारले, "चेंडू त ह्याच्यापाशी हाय, मंग गोल त्यानं कसा मारला?" सगळे हसले. पण म्हातारीने विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फुटबॉलचे जाणकार गेली कित्येक वर्षे याच प्रश्नाशी झटत आहेत.

खऱ्या मैदानावरची उदाहरणे पाहा. चेंडू राखण्याच्या खेळात स्पेनचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या तऱ्हेने त्यांनी २०१० चा विश्वचषक जिंकला, २०१२ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीला ४-० असे लोळवले. सगळ्या जगाने मान डोलावली. पुढे २०१८ च्या विश्वचषकात याच स्पेनने यजमान रशियाविरुद्ध हजाराच्या वर पास दिले. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टीच्या लाथांवर रशिया पुढे गेला. हजार पास आणि हाती काही नाही! त्याच्या चार वर्षांनंतर, १ डिसेंबर २०२२ रोजी, कतारमध्ये जपानने कमालच केली. स्पेनने अकराव्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरापर्यंत जपान मागेच दबून होता. मध्यंतरानंतर सहा मिनिटांच्या आत त्याने दोन गोल केले आणि पुन्हा दार लावून घेतले. निकाल २-१. त्या सामन्यात चेंडू जपानपाशी होता फक्त सुमारे १८ टक्के वेळ. इतका कमी वेळ चेंडू ठेवून विश्वचषकातला सामना त्याआधी कोणी जिंकल्याची नोंद नाही.

यावरून ताण देणाराच शहाणा, असे कोणी समजू नये. जपानचा तो एक दिवस लोकांच्या लक्षात राहिला, कारण असे दिवस थोडे. दारात उभे राहून मार खाणारे आणि शेवटी हरणारे संघ पुष्कळ. त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. २०१० मध्येच इंटर मिलानने बार्सिलोनाच्या मैदानावर दहा गड्यांनिशी तासभर दार धरून ठेवले आणि सामना १-० ने हरूनही दोन सामन्यांच्या बेरजेत ३-२ ने पुढची फेरी गाठली. ते जमले, कारण पहिला सामना त्यांनी आपल्या घरी ३-१ ने जिंकून ठेवला होता. कोठारात धान्य असेल त्यालाच थांबता येते.

करीच्या दिवशी काय होईल?

आता आपल्या सामन्याकडे. इथे मैदान फोनचे आहे, आणि गाव आपले आहे, तेव्हा काही गोष्टी बार्सिलोनात नसलेल्या इथे आहेत.

पहिली म्हणजे नेटवर्क. दोन्ही फोन इंटरनेटवरूनच जोडले जातात, मग खेळणारे एकाच ओट्यावर का बसलेले असेनात. सणाच्या दिवशी शहरातली सगळी मंडळी गावात आलेली असतात आणि एका टॉवरवर सगळ्यांचा भार पडतो. अंगठा दाबल्यावर खेळाडूने क्षणभर उशिरा चेंडू मारला, तर लहान-लहान पास देणाऱ्याचे हाल होतात. त्याच्या एका हल्ल्यात पंधरा पास, म्हणजे चुकण्याच्या पंधरा जागा. लांब चेंडू टाकणाऱ्याला दोन-तीनदाच नेमके दाबावे लागते. नेटवर्क मंद असले तर ते अमरावतीच्या फायद्याचे. अकोल्याच्या पोराला हे ठाऊक आहे. म्हणून त्याने सामना दुपारी न ठेवता सकाळी लवकर ठेवायचा आग्रह धरला, आणि तो मान्यही झाला.

दुसरी गोष्ट दमाची. चेंडूमागे धावणारा जास्त दमतो. अमरावतीचा पुढचा वेगवान गडी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत थकलेला असतो. दिवाळीतला जो सामना अकोल्याने जिंकला, त्यात गोल शेवटच्या मिनिटालाच झाला होता. या वेळी अमरावतीने तसाच दुसरा गडी बाहेर बसवून ठेवला आहे म्हणतात. तो केव्हा आत घ्यायचा, हे त्याच्या धीरावर आहे.

तिसरी गोष्ट मला अकोल्याच्या पोराच्या धाकट्या बहिणीने सांगितली. ती बारावीला आहे आणि तिने दिवाळीच्या तिन्ही सामन्यांतल्या प्रत्येक गोलाची वेळ आणि रीत वहीत लिहून ठेवली आहे. (आमच्या खात्यात शेतावरच्या नोंदी ठेवा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. ही मुलगी कोणी न सांगता ठेवते.) तिची वही म्हणते की अमरावतीने एकूण चार गोल केले. त्यांतले तीन झाले ते अकोल्याला कोपऱ्यावरून लाथ मारायला मिळाली त्याच्या लगेच नंतर. म्हणजे भाऊ गोलाच्या आशेने उंच-उंच बचावाचे गडीसुद्धा पुढे पाठवतो, चेंडू अडवला जातो, आणि मागे कोणी उरलेले नसते. तिचे मत एका वाक्यात असे : "दादापाशी चेंडू राह्यते, पन त्याचं करायचं काय हे त्याले समजत नाही." तिने भावाला सांगितले आहे की कोपऱ्याची लाथ असली तरी दोन गडी मागे ठेव. तो ऐकेल का, हा प्रश्न आहे. धाकट्या बहिणीचे ऐकणारे भाऊ मी फार पाहिलेले नाहीत.

जिथे खेळणारा कोणी नसतो

इथे थोडे थांबून ती दुसरी गोष्ट सांगतो. सामन्याच्या आधी आपण एवढी चर्चा करू शकलो, ती कशामुळे? दोन माणसे खेळणार आहेत म्हणून. त्यांच्या सवयी आहेत, भीती आहे, धीर आहे. त्यावरून आपण अंदाज बांधतो. चुकेल, पण अंदाज असतो.

याच फोनवर, दिसायला हुबेहूब असेच, दुसरे एक फुटबॉल येते. त्याला 'व्हर्च्युअल फुटबॉल' म्हणतात. दर दोन-चार मिनिटांनी नवा सामना, रात्रंदिवस. संघांना नावे असतात, गोल होतात, प्रेक्षक ओरडतात. पण खेळत कोणीच नसते. निकाल यंत्राने काढलेल्या आकड्यावर ठरतो, आणि पडद्यावरची पळापळ ही त्या आकड्याला चढवलेली झूल. त्यावर पैसे लावायला सांगतात. ज्याला मटका माहीत आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. आकडा काढणाऱ्याने फुटबॉलचा सदरा घातला, एवढाच फरक.

हिशेब करून पाहा. समजा दोन्ही बाजू जिंकण्याची शक्यता सारखी आहे. शंभर रुपये लावा, जिंकलात तर १८५ परत, असा भाव दिला जातो. तुम्ही दोन्ही बाजूंवर शंभर-शंभर लावले तर दोनशे गेले, १८५ आले. पंधरा रुपये कोणीही न हरता-जिंकता गेले. असे दर चार मिनिटांनी. चाळणीत पाणी भरण्याचा हा धंदा आहे. आकडे सगळीकडे हेच नसतील, पण भोक सगळीकडे असतेच; नाहीतर चालवणाऱ्याचे पोट कशावर भरेल?

मग 'आजचा पक्का अंदाज' विकणारे भेटतात. त्यांची युक्ती साधी आहे. आठशे जणांना निरोप पाठवायचा : चारशेंना सांगायचे लाल जिंकणार, चारशेंना सांगायचे निळा. लाल जिंकला, की पहिल्या चारशेंतल्या दोनशेंना पुढचा अंदाज एक, दोनशेंना दुसरा. तिसऱ्या दिवसाअखेर शंभर जण असे उरतात की ज्यांना लागोपाठ तीनही अंदाज खरे मिळालेले असतात. ते शंभर जण या माणसाला देवमाणूस समजतात आणि चौथ्या अंदाजाला पैसे मोजतात. उरलेल्या सातशेंची तक्रार त्यांच्या कानावर कधी येत नाही.

आमच्या फिरतीतल्या एका गावात एका घरचे कापसाच्या चुकाऱ्यातून बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे असे गेले. मुलगा वाईट नव्हता. बापाच्या फोनवरून बँकेचे व्यवहार तोच करी. पहिल्या दिवशी दोनशेचे चारशे झाले, तिथे तो फसला. मृगाच्या तोंडावर बाप बियाणे घ्यायला निघाला तेव्हा खात्यात काही नव्हते. त्या घराने त्या वर्षी उधारीवर पेरणी केली. मुलगा महिनाभर घरात कोणाशी बोलत नव्हता, आणि त्याच्या आईने त्याला एकटे सोडले नाही, हे फार चांगले केले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांना बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. पैसे हरलेल्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तेव्हा घरात लपवून ठेवण्याचे कारण नाही. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने खेळ म्हणून जागा दिली. कायदा झाला तरी चोरवाटा राहतात. परदेशातून चालणारे अॅप नाव बदलून येतात. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर तितके पैसे हाती लागणे अवघड.

आपल्या पोरांचा खेळ फुकटचा आहे म्हणालो, त्यालाही एक पुरवणी आहे. नामांकित खेळाडू आपल्या संघात हवा असेल तर खेळातली नाणी खर्चून चिठ्ठी काढावी लागते. नाणी खेळून मिळतात, तशीच खऱ्या पैशाने विकतही मिळतात. चिठ्ठीत कोण निघेल याचा नेम नसतो. ही बंदीतली गोष्ट नाही, पण बापाच्या खात्याला भोक पाडायला पुरेशी आहे. आमच्या दोघांनी आपसात ठरवले आहे की विकतची नाणी घ्यायची नाहीत. मुलाच्या शेजारी बसून एक सामना पाहा, आणि दोनच गोष्टी विचारा : समोरून कोण खेळते आहे, आणि यात पैसा कुठे लागतो? मुलगा खरोखर खेळत असेल तर तो तुम्हाला समोरच्याच्या खोडी अर्धा तास सांगत बसेल. पैसे लावणारा भाव सांगेल.

माझा अंदाज

तर मंडळी, पहिला गोल कोणाचा, यावर सगळे आहे. अमरावतीने आधी गोल केला तर सामना संपल्यातच जमा. तो दार लावून बसेल आणि अकोला भिंतीवर डोके आपटत राहील. पण अकोल्याचा पहिला गोल झाला तर ताण देणाऱ्याला थांबून भागणार नाही. त्याला पुढे यावे लागेल, पाचाचे तीन करावे लागतील, आणि मग ज्या मोकळ्या जागेवर तो आजवर जगला तीच जागा त्याच्या पाठीशी तयार होईल. मध्यंतरापर्यंत ०-० राहिले तर दमाच्या हिशेबाने मी अकोल्याच्या बाजूने झुकेन, तेही त्याने कोपऱ्याच्या लाथेला दोन गडी मागे ठेवले तर. माझा आकडा अकोला १, अमरावती ०. आमच्या आईचा आकडा बरोबर उलटा आहे. ती म्हणते, दिवाळीत पाहिले ते खरे.

हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी आमच्या पऱ्हाटीतली राहिलेली डवरणी एकट्याने आटपायची, हे ठरले आहे. आणि जिंकणाऱ्याला जेवण झाल्यावर त्या वहीवाल्या मुलीशी एक सामना खेळावा लागेल, अशी अट आईने घातली. तिने तरी गेल्या दोन महिन्यांत आपल्या तऱ्हेविषयी कोणाला काही सांगितलेले नाही. या अटीला दोघांपैकी एकानेही अजून हो म्हटलेले नाही.